तालुक्याला डॉक्टर का टिकत नाही? एक जुना हिशेब

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. रात्री अकराला कळा सुरू झाल्या, सरकारी दवाखान्यात नेलं. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम हजर होत्या. ऑपरेशन थिएटर आहे. सिझर करावं लागेल हे मॅडमनी लगेच सांगितलं. पण भूल द्यायला माणूस नाही. शेवटी १०८ बोलावली आणि पाऊण वाजता सोलापूरचा रस्ता धरला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, बाळ चार दिवस काचेच्या पेटीत होतं. मुलीचे वडील बाजार समितीत हमाली करतात. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "भाऊ, बिल्डिंग एवढी मोठी बांधली, मग एक डॉक्टर ठेवायला काय जातंय?"

मी याची बातमी टाकली, तेव्हा नेहमीप्रमाणं दोन तट पडले. एक म्हणतो डॉक्टरांना पैशाची हाव सुटलीय. दुसरा म्हणतो सरकारच नालायक. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे. पण हमालमामांच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. ते शोधायला जरा मागं जावं लागतं.

इंग्रजांच्या काळात जिल्ह्याला एक सिव्हिल सर्जन असायचा. तो बहुधा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा, म्हणजे मुळात लष्करी डॉक्टर. त्याला सरकारी पगार होता आणि वर खाजगी प्रॅक्टिसची उघड मुभा होती. वकील, व्यापारी, इनामदार घरी बोलवायचे, फी द्यायचे. ही वरकमाई चोरीची नव्हती, नोकरीच्या आकर्षणाचा तो भागच होता. खाली तालुक्याच्या दवाखान्यात हॉस्पिटल असिस्टंट. त्यांच्यासाठी पुण्यात १८७८ साली बी. जे. मेडिकल स्कूल निघालं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले (स्थापना १८४५) पदवीधर डॉक्टर वेगळे आणि हे वेगळे. यांचं शिक्षण कमी, पगार कमी, मान मात्र गावात भरपूर.

पुढं खेड्यात डॉक्टर बसवायचा म्हणून मद्रास प्रांतानं १९२०च्या दशकात नवी युक्ती काढली. खाजगी डॉक्टरला थोडं सरकारी अनुदान द्यायचं, गरिबांना त्यानं फुकट बघायचं, बाकीच्यांकडून फी घ्यायची. आपल्याकडंही असे अनुदानित डॉक्टर होते, जिल्ह्यांची जुनी गॅझेटियर चाळली तर 'एस.एम.पी. सेंटर' म्हणून त्यांची नोंद सापडते. म्हणजे बघा, कल्पना एकच होती. सरकारनं अर्धा पोसायचा, अर्धा गावानं पोसायचा.

याला पहिल्यांदा ठाम विरोध केला तो भोर समितीनं. सर जोसेफ भोर हे आपल्या नाशिकला जन्मलेले, हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. १९४३ साली समिती नेमली, १९४६ला अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० माणसांमागं एक डॉक्टर, इंग्लंडात हजारामागं एक, हा आकडा त्या अहवालातला. डॉक्टर शहरात गोळा झालेत, खेडी रिकामी आहेत, आणि त्यामागं पैसा आहे तशाच राहण्याच्या सोयीही आहेत, असं समितीनं मांडलं. सरकारी डॉक्टरनं खाजगी प्रॅक्टिस करूच नये अशी शिफारस केली. कारण साधं आहे, फी देणारा समोर असला की फुकटवाला रांगेत मागं सरकतो.

१९६७ला जंगलवाला समितीचा अहवाल आला. तिनंही तेच सांगितलं, पण एक वाक्य जोडून. खाजगी प्रॅक्टिस बंद करा, समान कामाला समान वेतन द्या आणि विशेष कामाला विशेष वेतन द्या. सेवेच्या अटीही सुधारा म्हणाली. आमच्या पत्रकारितेच्या डिप्लोमाला एक सर सांगायचे, समितीचा अहवाल शेवटच्या पानावरून वाचा, तिथं पैशाची गोष्ट असते. इथंही सरकारनं वरचं पान वाचलं. महाराष्ट्रात २०१२ साली आरोग्य विभागातल्या डॉक्टरांच्या खाजगी प्रॅक्टिसवर बंदी आली आणि बदल्यात मूळ पगाराच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता मिळायला लागला. (भत्ताही घेतात आणि संध्याकाळी बायकोच्या नावाच्या हॉस्पिटलातही बसतात असे महाभाग आहेत. प्रत्येक गावात सगळ्यांना माहीत असतात. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.)

आता खरी गंमत पगाराच्या स्लिपमध्ये आहे.

सातव्या वेतन आयोगात एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्याचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, विशेषज्ञाचं ६७,७०० पासून. म्हणजे तीन वर्षं जादा शिकून आलेल्या माणसाच्या सुरुवातीच्या मूळ पगारात ११,६०० चा फरक. हे झालं 'विशेष वेतन'. मग घरभाडं. त्यासाठी शहरांचे वर्ग केलेत, तेही लोकसंख्येवरून: ५० लाखांवर एक्स, ५ ते ५० लाख वाय, त्याखाली सगळं झेड. आपला तालुका झेड. २०१९ला राज्यात सातवा आयोग लागू झाला तेव्हा एक्सला २४ टक्के, वायला १६ आणि झेडला ८ टक्के असा दर होता. पुढं महागाई भत्ता वाढला तसे हे दर वाढले, पण वर्ग तेच. ६७,७०० वर हिशेब करा. मुंबईत १६,२४८ रुपये, आपल्याकडं ५,४१६.

कारकुनासाठी, शिपायासाठी, माझ्यासाठी हे तर्कशुद्ध आहे. मुंबईत खोली महाग, इथं स्वस्त. (माझा पगार लिहीत नाही, हसाल.) पण भूलतज्ज्ञाचा संसार बघा. गेल्या वर्षी इथून सोडून गेलेल्या एका डॉक्टरसाहेबांशी मी निवांत बोललो होतो. बायकोही डॉक्टर, तिची नोकरी पुण्यात. मुलगी अकरावीला, तीही तिकडंच. म्हणजे पुण्यात घर, इथं खोली, कारण क्वार्टर पावसाळ्यात गळतं. शनिवारी गाडी घेऊन जायचं, रविवारी रात्री परत, तेही इमर्जन्सी नसली तर. डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. त्यांचं एक वाक्य माझ्या वहीत आहे: "तुमच्या गावात भाजी स्वस्त आहे हो, पण माझा खर्च भाजीचा नाहीच."

सरकारी कोष्टकात हे कुठंच बसत नाही. कोष्टक बघतं गावाची लोकसंख्या. गाव जितकं लहान तितका खर्च कमी, हे त्याचं गृहीत. आणि हे गृहीत एकेकाळी चालून जायचं, कारण उरलेलं गाव भरून देत होतं, फीच्या रूपानं. ती वाट बंद केली, रास्तच केली, पण मागचं गणित तसंच ठेवलं. वर ३५ टक्क्यांचा तुकडा दिला, तो मुंबईतही तेवढाच आणि इथंही तेवढाच.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. आपल्या लहान गावांतल्या पाट्या आठवा: डी.जी.ओ., डी.सी.एच., डी.ए. हे दोन वर्षांचे डिप्लोमावाले. तालुक्याचे विशेषज्ञ म्हणजे बऱ्याचदा हेच. २०१९ला मेडिकल कॉलेजांना डिप्लोमाच्या जागा पदवीच्या जागांत बदलून घ्यायची परवानगी मिळाली आणि जागा बदलल्या. पुढं राष्ट्रीय परीक्षा मंडळानं वेगळा डिप्लोमा सुरू केला, पण तालुक्याकडं वळणारी जुनी वाट आटली ती आटलीच.

केंद्र सरकारचाच आकडा घ्या. ३१ मार्च २०२२ला देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत (आपली ग्रामीण रुग्णालयं त्यात धरतात) सर्जन, स्त्रीरोग, फिजिशियन आणि बालरोग या चार विशेषज्ञांची तूट गरजेच्या ७९.५ टक्के होती. पाचांत चार जागांना माणूस नाही. आणि या चारांत भूलतज्ज्ञ धरलेलाच नाही, त्याचा तक्ता वेगळा. सिझर होणार की गाडी सोलापूरला जाणार हे ज्याच्यावर ठरतं, तो या मुख्य हिशेबाच्या बाहेर!

हे सरकारला कळत नाही असं नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानानं मध्यंतरी कंत्राटी विशेषज्ञांसाठी 'यू कोट, वुई पे' काढलं. तुम्ही आकडा सांगा, आम्ही देऊ. म्हणजे तालुक्याला यायची किंमत जास्त आहे हे मान्य केलं, फक्त कायम पगाराच्या कोष्टकात नाही, कंत्राटात. कायम डॉक्टर शेजारच्या कंत्राट्याचा आकडा बघून चिडतो, आणि कंत्राट्याला पेन्शन नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही, म्हणून तो बिऱ्हाड आणत नाही. शिवाय बाँड आहेच. पदव्युत्तर झाल्यावर एक वर्ष सेवा, नाहीतर ५० लाख भरा. बाँडवाले येतात, वर्ष मोजतात, जातात. त्यांना दोष देत नाही, मीही मोजलं असतं.

मामांना मी हे सगळं सांगितलं नाही. क्वार्टरचं तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "छत गळतंय म्हणून डॉक्टर गेला? पत्रं टाकायला मीच चार पोरं घेऊन आलो असतो की."

रुग्ण कल्याण समितीची बैठक या महिन्यात आहे. क्वार्टरच्या दुरुस्तीचा विषय कार्यक्रमपत्रिकेत आहे का हे मी लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो. समितीतल्या सदस्यांपैकी दोघे-तिघे ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे.