इंदूरचा खड्डा आणि कॉफीचा चोथा

मंडळी, कॉफीचा चोथा कुंडीत टाकावा का, हा प्रश्न हल्ली घरोघरी निघतो. (इन्स्टंटवाल्यांनी काळजी करू नये, त्यांच्याकडे चोथाच उरत नाही!) उत्तर शोधायला आपण परदेशी साइट्स धुंडाळतो. कंपोस्ट हा शब्दच इंग्रजी, तेव्हा विद्याही तिकडचीच असणार असं धरून चालतो. पण या विद्येचं एक मोठं घराणं आपल्या इंदूरचं आहे, आणि त्याच्या जन्मकथेत एक मराठी वळणाचं नावही आहे.

आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधल्या पुसा इथे नोकरीवर आले. १९२४ ते १९३१ या काळात ते इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री'चे प्रमुख होते. कापूस हा तिथला मुख्य विषय. अडचण जुनीच: शेण होतं, पण त्यातलं बरंचसं गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. शेताला उरायचं थोडं. उलट पऱ्हाट्या, तुराट्या, तण, पालापाचोळा ढिगाने पडलेला.

मग इंदूरला असं केलं: पऱ्हाट्यांसारखा टणक माल रस्त्यावर पसरायचा, बैलगाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चेचला जातो. तो गुरांखाली अंथरायचा. मग सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद खड्ड्यात तो कचरा, थोडं शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. पाणी मारायचं, ठरावीक दिवसांनी तीनदा खालीवर करायचं. तीन महिन्यांत खत तयार. शेणखत आपल्याला नवं नव्हतंच, चीनमधले शेतकरीही शतकानुशतकं असं खत करत आले होते. इंदूरला त्याला हिशेब मिळाला: कार्बन किती, नायट्रोजन किती, ओल किती, हवा किती.

हा हिशेब रसायनशास्त्राचा. संस्थेच्या रसायन विभागातले मुख्य सहायक होते यशवंत वाड. १९३१ साली ऑक्सफर्डने या पद्धतीवरचं 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' हे पुस्तक काढलं, त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत, हॉवर्ड आणि वाड. पुढे हॉवर्ड 'सर' झाले, सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगभर गाजले. वाडांचं नाव मात्र त्या पुस्तकापुरतंच राहिलं. हॉवर्ड यांच्या पत्नी गॅब्रिएल, स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कामात बरोबरीच्या, त्यांचंही तेच. हॉवर्डनी एक गोष्ट मोकळेपणाने लिहून ठेवली आहे: इथले शेतकरी आणि पिकांवरची कीड हेच आपले प्राध्यापक. पण शेतकऱ्यांची नावं कुठल्याच पुस्तकावर येत नाहीत!

आता कॉफीकडे वळू. मळ्याच्या पिकांत ही पद्धत सर्वांत आधी उचलली ती कॉफीवाल्यांनी. १९३३ मध्ये केनियात, नैरोबीजवळच्या किंगाटोरी मळ्यावर. म्हणजे कॉफी आणि इंदूरचा खड्डा यांची ओळख नव्वद वर्षांपूर्वीची!

आपल्या चोथ्याचं उत्तरही त्याच हिशेबात आहे. चोथ्यात साधारण दोन टक्के नायट्रोजन असतो. दिसायला तपकिरी असला तरी ढिगात तो 'हिरव्या' मालाचं, म्हणजे इंदूरच्या शेणाचं काम करतो. त्याला जोड हवी सुक्या पानांची. नुसता चोथा ओलसर लगदा होऊन बसतो, हवा कोंडते, बुरशी धरते.

थेट कुंडीत? २०१६ साली मेलबर्नच्या संशोधकांनी ब्रोकोली, लीक, मुळा, व्हायोला आणि सूर्यफुलाच्या मातीत ताजा चोथा मिसळून पाहिला. पाचही झाडांची वाढ खुंटली. आम्लता हे त्याचं कारण नव्हतं, वापरलेला चोथा तितका आंबट नसतोच. ताज्या चोथ्यातली काही द्रव्यंच झाडांना बाधत असावीत, असा त्यांचा अंदाज. म्हणून आधी कुजवा. ढिगाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त चोथा नको, सुका पाला भरपूर, आणि अधूनमधून खालीवर करा.

तर ताई-दादा आणि ब्लॉगर मंडळी, बाल्कनीतल्या बादलीत चोथा टाकताना मुलांना एवढं जरूर सांगा, की ही इंदूरची रीत आहे. आणि हॉवर्डचं नाव घ्याल तेव्हा पाठोपाठ वाडांचंही घ्या. नाव घ्यायला काही खर्च येत नाही.