बफर आणि कोपरचा फलाट

कोपरला उभं राहिलं की एक लोकल कल्याणकडे जाते, दुसरी मुंबईकडे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनचं असंच केलं. ६.९ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये वीज सोडली, तर निरोगी आणि सिकलसेलचं हिमोग्लोबिन चक्क विरुद्ध दिशांना निघालं!

१९८१ मध्ये जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रॉनच्या काचनळीत विजेने रेणू वेगळे करून दाखवले. नळी बारीक, म्हणून उष्णता पटकन बाहेर जाते. तरी बफरमध्ये क्षार जास्त झाले तर ती तापतेच आणि आलेखातली शिखरं पसरतात. फार कमी झाले तर पीएच डळमळतो.

विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. चुकीच्या बफरमुळे दोन शिखरं एकमेकांत मिसळली, तर वाहकसुद्धा 'नॉर्मल' ठरू शकतो. लग्नाआधीचा रिपोर्ट शेवटी त्या बाटलीतल्या पाण्यावरही अवलंबून असतो.