एकेकट्याला शिकवणाऱ्या यंत्रावरचा सार्वजनिक फळा

१/ विद्यापीठांचे ऑनलाइन चर्चाफलक ही अलीकडची, फार तर कोरोनाकाळातली सोय आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः त्यांचा इतिहास आज आपण वापरतो त्या इंटरनेटच्याही आधी सुरू होतो, आणि त्याच्या एका कळीच्या वळणावर १७ वर्षांचा एक विद्यार्थी उभा आहे. आजचा धागा त्या वळणाविषयी. 🧵

२/ १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची चिंता सुरू झाली. संगणकाकडून शिकवून घेता येईल काय, या प्रश्नाने तेव्हा जोर धरला. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी ‘प्लेटो’ ही प्रणाली उभारली. पहिल्या आवृत्तीवर एका वेळी एकच विद्यार्थी शिकू शकत असे.

३/ त्यामागची कल्पना सरळ होती. यंत्र धडा दाखवील, प्रश्न विचारील, उत्तर तपासील. विद्यार्थी आपल्या गतीने पुढे जाईल. या व्यवस्थेत विद्यार्थ्याचा संबंध केवळ यंत्राशी. शेजारच्या विद्यार्थ्याला तिच्यात जागाच नव्हती.

४/ १९७२ मध्ये ‘प्लेटो ४’ आले. त्याच्या सपाट प्लाझ्मा पडद्यावर नारिंगी अक्षरे उमटत आणि पडद्याला बोट लावून उत्तर देता येई. टर्मिनले दूरदूरच्या इमारतींत असली, तरी ती सारी एकाच मध्यवर्ती संगणकाला जोडलेली होती. म्हणजे एकमेकांना न दिसणारी माणसे एकाच यंत्रात एकत्र आली होती. बोलण्याची सोय तेवढी उरली होती.

५/ प्रणालीतील चुका कळवण्यासाठी एक सामायिक फाइल होती. ती कोणीही उघडावी आणि शेवटी आपली ओळ लिहावी. अडचण अशी की तीत कोणीही दुसऱ्याचे लेखन बदलू शके, पुसू शके, किंवा भलत्याच नावाने लिहू शके. तक्रार कोणाची आणि उत्तर कोणाचे, याची शाश्वती नव्हती.

६/ ही अडचण दूर करण्याचे काम पॉल टेन्झार यांनी डेव्हिड वुली या विद्यार्थ्याकडे सोपवले. टेन्झार म्हणजे ज्या ‘ट्यूटर’ भाषेत प्लेटोचे धडे लिहिले जात, तिचे निर्माते. वुली तेव्हा १७ वर्षांचा होता. ऑगस्ट १९७३ मध्ये त्याचा ‘नोट्स’ हा प्रोग्राम सुरू झाला.

७/ वुलीने दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली : प्रत्येक टिपणावर लिहिणाऱ्याची ओळख, तारीख आणि वेळ यंत्रानेच नोंदवायची. दुसरी : उत्तर त्या टिपणालाच जोडलेले राहायचे. एका टिपणाखाली ६३ पर्यंत उत्तरे बसत. आज ज्याला आपण ‘धागा’ म्हणतो, त्याची ठेवण ती हीच.

८/ पहिल्या गोष्टीमुळे शब्दाला धनी मिळाला आणि दुसरीमुळे प्रश्नाला स्मृती. एकाची शंका फिटली की तिचे उत्तर पुढच्या शंभरांसाठी तेथेच राही. चुका कळवण्यासाठी बांधलेल्या या जागेत एक फलक मदतीचा, तर एक सार्वजनिक चर्चेचा होता. १९७६ मध्ये ‘ग्रुप नोट्स’ आल्या आणि विषयवार फलक निघू लागले. प्रोग्रामिंगबरोबर तेथे चित्रपट, पुस्तके, संगीत यांवरही वाद रंगले.

९/ एकेकट्याला शिकवण्यासाठी घडवलेल्या यंत्राचे विद्यार्थ्यांनी असे चावडीत रूपांतर केले. त्यांपैकीच रे ओझी याने पुढे ‘लोटस नोट्स’ घडवले. ते १९८९ मध्ये बाजारात आले आणि ‘नोट्स’ हे नाव जगभरच्या कचेऱ्यांत पोहोचले.

१०/ आता ब्रिटनकडे वळू. तेथील मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी टपालाने येणारी पुस्तके आणि बीबीसीचे कार्यक्रम यांच्या आधारे घरी शिकत. सहाध्यायी क्वचितच भेटत. १९८८ मध्ये विद्यापीठाने माहिती तंत्रज्ञानाच्या एका अभ्यासक्रमासाठी ‘कोसी’ ही चर्चाप्रणाली वापरली. ती कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाची. हजाराहून अधिक विद्यार्थी घरच्या संगणकावरून, मोडेम आणि टेलिफोनच्या तारेने तिच्याशी जोडले गेले. जोडणीचा प्रत्येक मिनिट फोनच्या बिलात मोजला जाई.

११/ रॉबिन मेसन यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. ढोबळमानाने एक तृतीयांश विद्यार्थी लिहीत होते, एक तृतीयांश केवळ वाचत होते आणि उरलेले फारसे फिरकलेच नाहीत. फलक बांधला म्हणून चर्चा होतेच असे नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१२/ मात्र मधल्या तृतीयांशाला अनुपस्थित समजण्याची घाई नको. भरल्या वर्गात हात वर न करणारा विद्यार्थीही दुसऱ्याच्या प्रश्नातून शिकतोच. वर्गातले उत्तर हवेत विरते, फलकावरचे टिकते. दिवसभर नोकरी करून रात्री ११ वाजता बसणाऱ्यालाही ते सापडते.

१३/ २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या ‘स्वयम्’ मंचावर अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवलेले आहेत : व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकानिरसनासाठी चर्चाफलक. पहिले तीन प्लेटोच्या मूळ स्वप्नातले आहेत. यंत्र शिकवील, आपण शिकू. चौथा भाग त्या स्वप्नात नव्हता. तो विद्यार्थ्यांनी मिळवला.

१४/ म्हणून पुढच्या वेळी अशा फलकावर एखादी शंका निरुत्तर पडलेली दिसली आणि तुम्हांस उत्तर ठाऊक असले, तर दोन ओळी अवश्य लिहा. नाव आणि तारीख यंत्र नोंदवील. पण फळा कोरा राहू द्यायचा की नाही, हा निर्णय १९७३ पासून आजतागायत विद्यार्थ्यांच्याच हाती आहे.

(समाप्त)