तळ्याकाठचा तंबू

सहकुटुंब सहलीचा बेत म्हटला की आधी पैशाचा हिशेब होतो. पण पैशाच्याही आधी लागते ती रजा!

इटलीतील गार्दा सरोवराचेच पाहा ना. दोन हजार वर्षांपूर्वी कातुल्लुस या रोमन कवीचे तेथे, सिर्मिओने येथे, घर होते. १७८६ साली जर्मन कवी गटे या काठी आला. दोघेही सुखवस्तू. गिरणीकामगाराने किंवा शाळामास्तराने मुलाबाळांसह तेथे आठवडा काढावा, हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र आल्प्स ओलांडून सामान्य कुटुंबे मोटारींवर तंबू लादून येऊ लागली. इटलीच्या १९४८ च्या राज्यघटनेने भरपगारी वार्षिक रजा हा कामकऱ्याचा हक्क ठरविला. तो त्याला स्वतःलाही सोडता येत नाही. पश्चिम जर्मनीनेही १९६३ साली रजेचा कायदा केला. १९७४ पर्यंत ब्रेन्नर खिंडीचा महामार्ग पुरा झाला.

मग उरले ते घरातले बेत. तंबू कोठे ठोकावा? दुपारी दक्षिणेकडून ‘ओरा’ वारा सुटतो, तेव्हा खुंट्या खोल हव्यात. पण वाचकहो, या तंबूची पहिली खुंटी ठोकली ती कायद्याने!