थांबलेला धागा आणि थांबवणारा धागा



सुदुंबरे हे संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचं गाव. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले, असं परंपरा सांगते. बोललेलं विरून जातं. वेळेवर टिपून ठेवलं तरच पुढच्यांच्या हाती लागतं. आजचा विषय संगणकाच्या इतिहासातला असला, तरी मुद्दा हाच आहे. इथून हिंजवडीला नोकरीला जाणारी मुलं जे मल्टिथ्रेडेड प्रोग्राम लिहितात, त्यांतला एखादा मध्येच गप्प बसला तर दोष कुणाचा, हे ठरवायचं कसं?

आधी शब्द समजून घेऊ. एकाच प्रोग्राममध्ये कामाचे अनेक प्रवाह बरोबरीनं चालतात, ते थ्रेड, म्हणजे धागे. कुठल्या फंक्शननं कुठल्या फंक्शनला बोलावलं, याची प्रत्येक धाग्याकडे स्वतःची एक चळत असते. ती उलगडून वाचली की झाला स्टॅक ट्रेस. वरची ओळ सांगते धागा आत्ता कुठे आहे. खालच्या ओळी सांगतात तो तिथवर कसा आला.

अशा प्रवाहांना शिस्त लावण्याचं मोठं काम १९६० च्या दशकात नेदरलँड्सच्या एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी केलं. त्यांच्या साधनाचं नाव 'सेमाफोर', म्हणजे रेल्वेचा हाताचा सिग्नल. लोणावळ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागचीनं थांबायचं. १९६५ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं. टोनी होअर यांनी त्यात पाच तत्त्वज्ञ जेवायला बसवले. आमच्या शास्त्राची ही कीर्ती बघा! गोल टेबल, पाच काटे, आणि जेवायला प्रत्येकाला दोन काटे हवेत. सगळ्यांनी एकदमच डावा काटा उचलला, की सगळे उजव्याची वाट बघत उपाशी. याला डेडलॉक म्हणतात.

आता यांतल्या एकालाच विचारलं तर तो म्हणेल, "शेजारी काटा सोडत नाही." खरंच आहे ते, पण शेजाऱ्याचंही तेच म्हणणं आहे. पाचही जबाब एकाच क्षणाचे घेतले तरच वर्तुळ दिसतं. म्हणून जीडीबीमध्ये 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' ही आज्ञा देतात, जावामध्ये जेस्टॅक चालवतात. मग कुणी काय धरलंय आणि कोण कशासाठी थांबलंय, हे जुळवत जायचं.

पण स्टॅक ट्रेस म्हणजे एका क्षणाचा फोटो. कधीकधी तेवढ्यानं भागत नाही. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्यातला संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. डेटा वाहिनी सांभाळणारं महत्त्वाचं काम वेळेत पुरं होत नव्हतं. वरवर पाहता दोषी तेच! अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच संगणकावर घटनांची क्रमवार नोंद चालू ठेवून तो बिघाड पुन्हा घडवला, तेव्हा खरा क्रम कळला. हवामानाचं कमी प्राधान्याचं काम एक कुलूप धरून होतं. त्याला ते सोडायला वेळच मिळत नव्हता, कारण मधल्या प्राधान्याची कामं मध्ये घुसत होती. त्या मधल्यांचा कुलपाशी काही संबंधच नव्हता! उपाय म्हणून, कुलूप धरणाऱ्याला थांबलेल्याचं प्राधान्य तात्पुरतं देण्याची सोय, जी बंद होती, ती पृथ्वीवरून चालू केली. रीसेट थांबले.

न्यायदर्शनात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. इथे धूर एका घरात, आग दुसऱ्याच घरात आणि दार अडवून उभा तिसराच. म्हणून तरुण मित्रांना एवढंच सांगतो: अडकलेला प्रोग्राम घाईनं बंद करून पुन्हा चालू करू नका. तसं केलंत की पुरावा गेला; पुढच्या खेपेला धाग्यांचा क्रम बदलेल आणि बिघाड लपून बसेल. आधी सगळ्या धाग्यांचे जबाब टिपून घ्या. नाहीतर जो नुसता वाट बघत होता, त्याच्यावर आणि तो भाग लिहिणाऱ्या एखाद्या नवख्या पोरावर खापर फुटायचं.