तिथी कोणी सांगायची?

आपल्या दिवाळीला तारीख नाही, तिथी आहे. आश्विन वद्य चतुर्दशीला अभ्यंगस्नान, अमावास्येला लक्ष्मीपूजन, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पाडवा. पण भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहावी तशी ही तिथी आकाशाकडे पाहून कोणाला वाचता येत नाही. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राची चाल कधी मंद, कधी जलद. म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस तासांच्याही पुढे रेंगाळते. तेव्हा ती कोणीतरी गणित करून सांगावी लागते. कोणी सांगायची, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आपल्याकडे धर्माची आणि यंत्राची जी गाठ पडली, तिचा बराचसा इतिहास मला या एका प्रश्नात दिसतो.

पूर्वी हा मान गावच्या जोशाचा. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला आणि ज्या-चापांचे किचकट गणित टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत घालून दिली. शतकानुशतके त्या रीतीवर पंचांगे तयार झाली. जोशीबुवा हाताने लिहिलेले पंचांग बगलेत मारून पाडव्याला येत, वर्षफळ वाचून दाखवीत आणि सुपातले धान्य घेऊन पुढल्या घरी जात. गावच्या बलुत्यात त्यांचाही वाटा असे. कागद त्यांच्या हाती, म्हणून दिवसही त्यांच्या हाती. ज्यांच्या ओटीवर जोशीबुवा चढत नसत, त्यांनी आपला सण दुसऱ्याच्या तोंडून विचारून घ्यावा, अशी ती व्यवस्था होती.

ती पहिल्यांदा हलवली मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी. हा भंडारी समाजातला गृहस्थ. अमेरिकन मिशनऱ्यांच्या छापखान्यात काम शिकला, घरच्या घरी लाकडी यंत्र उभे केले, शाईसुद्धा स्वतः केली आणि १८४१ साली मराठी पंचांग छापून बाजारात आणले. आज यात नवल वाटणार नाही. पण त्या काळी छापलेल्या कागदाला हात लावायला सोवळी मंडळी कचरत होती, असे गोविंद नारायण माडगांवकरांच्या १८६३ सालच्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकावरून दिसते. शाईत चरबी असते, हा मोठा आक्षेप. त्यावर तोड म्हणून तुपाची शाई करून पोथ्या छापल्या गेल्या, असे सांगतात. पोथीचा आडवा आकार आणि सुटी पानेही छापणाऱ्यांनी पुष्कळ काळ तशीच ठेवली. यंत्राला देवघरात शिरायचे, तर आधी पाय धुवावे लागतात!

विटाळाची ही भीती लवकरच ओसरली. खरा वाद पेटला तो गणितावरून. पंचांग हस्तलिखित होते तोवर शेजारच्या गावच्या पंचांगाशी ते ताडून पाहण्याची सोय नव्हती. छापील पंचांगे शेजारी शेजारी मांडता येऊ लागली आणि त्यांतली तफावत उघडी पडली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली युरोपीय वेधांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि जुन्या गणिताने आलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत हे दाखवून दिले. पुढे लोकमान्य टिळकांनी शुद्ध पंचांगाचा प्रश्न हाती घेतला आणि त्यासाठी विद्वानांच्या परिषदा भरल्या. आकाश कोणाचे खरे यावर हळूहळू एकमत झाले. पण राशिचक्राचा आरंभ कोठे धरायचा यावर झाले नाही. दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर राहिले. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो, म्हणून संक्रांती चार दिवस मागेपुढे होतात आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो. माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, अशा एका वर्षी एकाच वाडीतल्या दोन घरी गणपती महिन्याच्या अंतराने आले. आम्हां मुलांना दोनदा मोदक मिळाले, आणि मोठ्या माणसांत महिनाभर अबोला राहिला.

१९७३ साली जयंत साळगांवकरांचे ‘कालनिर्णय’ आले आणि पंचांग देवघरातून स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेले. संकष्टीचा चंद्रोदय केव्हा, एकादशी कधी, हे घरची बाई आता पीठ मळता मळता मान वर करून पाहू लागली. विचारायला कोणाच्या दारी जाणे नको. माझ्या मते हा बदल गणपत कृष्णाजींच्या यंत्राइतकाच मोठा आहे.

आणि आता खिशातला फोन. त्याने एक गंमत केली आहे. तिथी सूर्योदयाला पाहायची, हा साधा नियम. पण सूर्योदय कोठला? समजा, कार्तिकी एकादशी मुंबईत सकाळी सात वाजता संपते. सूर्य पावणेसातला उगवला, म्हणून तो दिवस एकादशीचा. त्या क्षणी लंडनला रात्रीचा दीड वाजलेला असतो. तेथे उजाडेल तेव्हा द्वादशी लागलेली असेल. म्हणजे या नियमाने तिथल्या मराठी माणसाची एकादशी आदल्या तारखेलाच झाली. मुंबईसाठी छापलेला कागद त्याला हे सांगणार नाही. फोन त्याच्या गावचा सूर्योदय धरून चटकन सांगतो. छापखान्याने साऱ्या मुलखाला एक तिथी दिली होती. फोनने ज्याच्या त्याच्या गावाला त्याची तिथी परत केली, जुन्या जोशीबुवांनी द्यावी तशी!

फरक इतकाच की जोशीबुवा समोर बसलेले असत, त्यांच्याशी भांडता येई. छापील पंचांगावर गणितकर्त्याचे नाव असे आणि गणित कोणत्या पक्षाचे हेही लिहिलेले असे. फोन नुसते उत्तर देतो; कोणत्या गणिताने, कोणाच्या जबाबदारीवर, हे पुष्कळदा त्यावर दिसत नाही. दोन फोनांनी दोन दिवस सांगितले, तर घरात पुन्हा तोच अबोला.

जे ज्ञान एका वृत्तीच्या हाती होते ते यंत्राने ओटीवर, मग चुलीपाशी आणि शेवटी तळहातावर आणून ठेवले, याचा मला आनंदच आहे. पण तिथी हातात आली म्हणजे ती पारखण्याचे कामही आपल्याकडे आले. तेव्हा या दिवाळीत मुलांनी फोनवर लक्ष्मीपूजनाची वेळ काढली, की त्यांना एवढेच विचारा : बाळांनो, हे कोणत्या पंचांगावरून, आणि कोणत्या गावचे?