हिरड्या आणि मधुमेह: दुहेरी नातं
दात घासताना रक्त आलं की आपण दुर्लक्ष करतो. पण ती बहुधा हिरड्यांच्या सुजेची खूण असते. दातांवर साचलेल्या थरातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते. सूज खोल गेली की दाताभोवतीचं हाड झिजतं. मधुमेहात हा आजार लवकर बळावतो आणि उलट, हिरड्यांची सूज साखर आटोक्यात ठेवणं अवघड करते. म्हणून साखर असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधीच सांगावं. वुजूच्या वेळी पिलूच्या झाडाची मिस्वाक करणं ही आपली सुन्नत, आणि दातांनाही फायद्याची. मात्र घट्ट बसलेलं कीटण तिनं निघत नाही. ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. मिश्री म्हणजे तर तंबाखूच. घरातल्या दादी-नानींना ती सोडायला आपणच प्रेमानं सांगू या.